तळ्याकाठी मान तिरकी करा

डोंगरातल्या एखाद्या तळ्याचा फोटो कुणी पाठवला की खाली दोनच प्रकारचे शेरे पडतात. एक, ‘फिल्टर लावलाय’. दुसरा, ‘आकाशाचं प्रतिबिंब पडतं, म्हणून निळं दिसतं’. पहिल्याबद्दल मी काही बोलत नाही, फोटोला रंगरंगोटी करणारे कमी नाहीत. दुसरा मात्र शाळेपासून आपल्या मानगुटीवर बसलाय. तो उतरवायला तळ्याच्या काठाकाठाने जाणारी दोन-तीन तासांची सोपी पायवाट पुरते. दोर नको, दमछाक नको. फक्त पोलराइज्ड गॉगल हवा.

शक्यतो सकाळी निघा. उन्हाने उतार तापले की दरीतून वारा वर चढू लागतो आणि पाण्यावर सुरकुत्या पडतात. संथ पाण्याच्या कडेला उभे राहा आणि पायांपासून साधारण दोन मीटरवरच्या पाण्याकडे बघा. नुसत्या डोळ्यांना तिथे आकाशाची चकाकी दिसेल. गॉगल लावा, चकाकी गायब! तळाचे गोटे दिसू लागतील. आता कान खांद्याला टेकेपर्यंत मान तिरकी करा. चकाकी परत हजर.

दोन मीटरच का? पाण्यावरून ठरावीक कोनात परावर्तित होणारा प्रकाश एकाच दिशेत, आडवा कंप पावतो. पाण्यासाठी हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंश. गॉगलची काच नेमका हा आडवा प्रकाश अडवते. त्रिकोणमिती नको असेल तर सोपा हिशेब असा: डोळ्यांची उंची गुणिले १.३३, म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक (पाणी प्रकाश किती वाकवतं त्याचा आकडा). दीड मीटरला दोन मीटर.

हाच प्रयोग १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी इंग्लंडहून परतताना ‘नारकुंडा’ बोटीवर केला. गॉगलऐवजी त्यांच्या हातात निकोल लोलक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारा स्फटिक होता, आणि समोर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत होतं की समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांनी लोलकाने प्रतिबिंब पुसून टाकलं. निळा रंग फिका पडायचा सोडून आणखी खुलला! रंग पाण्यातूनच येत होता. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, असं त्यांनी मांडलं आणि त्याच वाटेने ते १९२८च्या ‘रामन परिणामा’च्या शोधापर्यंत पोहोचले. पण ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी मला जास्त आवडते.

पाणी तांबडा प्रकाश खातं. ७०० नॅनोमीटरचा गडद तांबडा प्रकाश एक मीटर पाण्यातून गेला की जवळजवळ निम्मा होतो, पाच मीटरांत वीसातला एक भाग उरतो. निळा मात्र शुद्ध पाण्यात शंभर मीटर गेला तरी बराचसा शिल्लक असतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा बंध स्प्रिंगसारखा थरथरतो. या थरथरीची मूळ वारंवारता अवरक्त प्रकाशातली, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. पण तंबोऱ्याचा खर्ज छेडला की त्यातूनच गंधार ऐकू येतो ना, तसे या बंधालाही वरचे स्वर असतात. मूळच्या चौपटीच्या आसपासचे स्वर दृश्य प्रकाशाच्या तांबड्या कडेला येऊन पोहोचतात आणि तेवढा प्रकाश पाणी शोषून घेतं. पुरावा हवा? जड पाणी घ्या. त्यातल्या हायड्रोजनचं वस्तुमान दुप्पट, म्हणून थरथर मंद, म्हणून वरचे स्वरही घसरून दृश्य पट्ट्याच्या बाहेर. लांब नळीत भरलेलं जड पाणी रंगहीन दिसतं, साधं पाणी निळसर. रसायन तेच, फक्त अणू जड. बहुतेक पदार्थांना रंग येतो तो इलेक्ट्रॉनांच्या उड्यांमुळे. पाण्याला येतो रेणूच्या थरथरण्यामुळे.

मग काही तळी गडद निळी आणि काही फिरोजी, असं का? अमेरिकेतलं क्रेटर लेक सुमारे ५९४ मीटर खोल आहे. त्यात एकही नदी येत नाही, फक्त पाऊस आणि बर्फ, त्यामुळे गाळ जवळजवळ नाहीच. प्रकाश खोलवर जातो आणि परत येईपर्यंत तांबड्यापाठोपाठ हिरवाही झिजतो. उरतो तो निळा. कॅनडातल्या लेक लुईससारख्या तळ्यांना मात्र हिमनदीचं पाणी मिळतं. हिमनदी म्हणजे मोठं जातंच, तळाशी रुतलेल्या दगडांनी ती खडक दळत राहते. हे पीठ इतकं बारीक असतं की आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगतं आणि सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतं. त्यामुळे प्रकाश थोड्याच खोलीवरून माघारी फिरतो. तेवढ्या प्रवासात तांबडा गेलेला असतो, हिरवा शाबूत असतो. हिरवा अधिक निळा म्हणजे फिरोजी. ढगाळ आकाशाखालीही ही तळी फिरोजीच दिसतात. पाण्यात तांबं आहे, तळ्याला तळच नाही किंवा तळ्यातली देवता रागावली की रंग बदलते, असं सांगणारे जगभर भेटतात. बर्फ वितळू लागलं की पीठ वाढतं, आणि रंग बदलतो तो त्या पिठामुळे.

लेक लुईसच्या काठची सपाट वाट सुमारे दोन किलोमीटरची आहे. ती संपते तिथे हिमनदीचा ओढा तळ्याला मिळतो. त्या टोकाला फिरोजी रंग शोधू नका, पीठ फार झालेलं असतं आणि पाणी राखाडी, दुधाळ दिसतं. अशा पाण्याने पारदर्शक बाटली भरून उन्हात धरली तर निळेपणाचा मागमूस नसतो, कारण बाटलीतल्या प्रकाशाला तांबडा गमवायला जेमतेम सात-आठ सेंटिमीटर मिळतात. बाटली न हलवता ठेवून द्या. जाडसर कण आधी बसतात आणि तळाशी राखाडी थर दिसू लागतो. वरचं पाणी तेव्हाही गढूळच असतं.