'मोकळी जमीन' म्हणजे नेमकी कोणती? गिरण्यांच्या जागेची पार्श्वभूमी

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांचा विषय निघाला की आता चर्चा शहराबाहेरच्या शेलू-वांगणीची होते. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर 'मोकळी जमीन' या दोन शब्दांत अडकलं आहे.

१९८२चा संप आणि त्यानंतर थंडावलेल्या चिमण्या सर्वांना ठाऊक आहेत. खरी गोष्ट १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून, म्हणजे शहरातल्या बांधकामाच्या नियमांपासून, आणि तिच्यातल्या गिरण्यांच्या जागेबद्दलच्या नियम ५८पासून सुरू होते. गिरणीची जागा विकसित करायची तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक गृहनिर्माण मंडळाला स्वस्त घरांसाठी, एक मालकाला. मात्र जुन्या शेड न पाडता नुसता वापर बदलला तर वाटा द्यावा लागत नव्हता. साहजिकच शेड शाबूत राहिल्या आणि आत कार्यालयं, दुकानं, अगदी बोलिंगचा खेळसुद्धा आला. सरकारी मालकीच्या २५ गिरण्यांच्या जागांचा एकत्रित विचार करणारा अहवाल १९९६मध्ये आला, तो फडताळातच राहिला.

२००१मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. आता वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची. मोकळी म्हणजे कोणती? शेड पाडल्यावर रिकामी होणारी जागा त्यात धरायची, की आधीपासून रिकामी होती तेवढीच? समजा गिरणी दहा एकरांची आहे आणि आठ एकरांवर शेड आहेत. पहिल्या अर्थाने वाटणी दहा एकरांची, दुसऱ्या अर्थाने दोनच एकरांची. गिरण्या बांधतानाच कडेपर्यंत बांधलेल्या. तिथे अंगण असणार किती?

सरकारची बाजू अशी, की जुन्या नियमाने कुणी पुढे येईना, गिरण्या आजारी, कामगारांची देणी थकलेली. जमिनीतून पैसा उभा राहिल्याशिवाय ती फिटणार कशी? युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण देण्यांची रक्कम एकदाची ठरते, जमिनीचा भाव चढतच राहतो. २००५मध्ये एकाच सरकारी गिरणीची सुमारे १७ एकर जागा ७०२ कोटींना गेली.

प्रकरण न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयाने पहिला, व्यापक अर्थ उचलून धरला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि आधीपासून रिकामी होती तेवढीच जमीन मोकळी ठरली. सुमारे ६०० एकरांच्या गिरणगावात मैदानांच्या वाट्याला तुकडे आले. कामगारांची घरंही गृहनिर्माण मंडळाच्या आक्रसलेल्या वाट्यातूनच काढावी लागली.

त्या जागांवर टॉवर उभे राहिले, हजारो नोकरदार रोज तिथे उतरू लागले. स्थानकं आणि पूल मात्र गिरणीच्या भोंग्याच्या काळातलेच. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पाऊस आला म्हणून लोक त्या अरुंद जिन्यावरच थांबले होते.