धूर चोकच्या टोपीचा की पुल-ऑफचा?

ऑटो चोकची, म्हणजे थंडीत कार्बोरेटरची हवा आपोआप अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणाऱ्या चोकची, जुनी गाडी सकाळी सुरू होऊन काळा धूर ओकायला लागली, की स्क्रूड्रायव्हर थेट चोकच्या गोल टोपीवर जातो. तीन स्क्रू सैल, टोपी दोन खुणा ‘लीन’कडे (म्हणजे कमी पेट्रोलकडे), धूर कमी, गिऱ्हाईक खूश. पुढच्या गारठ्यात मात्र स्टार्टर नुसता फिरत राहतो. बिचाऱ्या टोपीचा यात बहुतेक वेळा काही दोष नसतो.

टोपीचं काम हातचोक ओढलेल्याला समजावायला नको. पद्मिनीत, अँबॅसडरमध्ये जे हाताने व्हायचं, ते इथे टोपीतली द्विधातूची स्प्रिंग करते. थंडीत आवळून कार्बोरेटरच्या तोंडाची हवेची झडप मिटवते, तापली की सोडते. तापवायला एक्झॉस्टजवळची गरम हवा असते, नाहीतर फोक्सवॅगन बीटलच्या सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्बोरेटरसारखा विजेचा हीटर. स्टार्टर मारण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबून सोडायचा, नाहीतर फास्ट आयडलची (थंड इंजिन जरा जोरात फिरतं ठेवणारी) पायरी अडकून राहते आणि झडप मिटतच नाही. एवढं पुरे.

आता खरी मेख. पूर्ण मिटलेली झडप फक्त स्टार्टर फिरेपर्यंत हवी. इंजिन लागलं की तीच झडप त्याला पेट्रोलने बुडवते. स्प्रिंग तापायला काही मिनिटं जातात, इंजिनाला मात्र हवा त्याच क्षणी लागते. हातचोकवाला इंजिन लागताच नॉब थोडा आत ढकलायचा. ते ढकलणं म्हणजे पुल-ऑफ. एका छोट्या डबीत रबरी डायाफ्राम असतो. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरखालच्या नळ्यांत, व्हॅक्यूम तयार झाला की तो दांडीने झडप ओढून ठरावीक फट पाडतो, स्प्रिंगचा ताण तसाच असताना. ही फट साधारण ३ ते ६ मिमी. नेमका आकडा त्या कार्बोरेटरच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. फट झडपेच्या वरच्या कडेला मोजायची की खालच्या, हेही तिथेच दिलेलं असतं आणि तेच न वाचता लोक मोजतात.

त्यामुळे धूर केव्हा येतो ते आधी बघा. सुरू होताच काळा धूर आणि काही सेकंदांत बंद, तर पुल-ऑफ बघा. सुरुवात छान आणि पाच-सात मिनिटांनंतरही धूर, तर टोपी तापत नाहीये. सुरू होताच कार्बोरेटरमधून फटफट आणि दम तुटणं, तर फट जास्त पडतेय.

तपासणी इंजिन थंड आणि बंद असताना करायची. झडप मिटू द्या, डबीच्या नळीला हातपंप लावून व्हॅक्यूम द्या. दांडी आत जाऊन तिथेच थांबली पाहिजे. पंपाचा काटा हळूहळू उतरला तर डायाफ्राम फाटलाय. अशी डबी बाहेरची हवाही आत ओढते, म्हणून गरम इंजिनाचं आयडलही बिघडतं आणि मग आयडल स्क्रूशी खेळ सुरू होतो. व्हॅक्यूम धरला तर मॅन्युअलमधल्या फटीच्या मापाच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा फटीत सरकवून बघा. किंचित घासून जायला हवा. काही पुल-ऑफ मुद्दाम एक-दोन सेकंद सावकाश ओढतात, त्याला बिघाड समजू नका.

फट बरोबर जुळल्यावरच टोपीला हात लावा, तोही आधी मॅन्युअलमधल्या खुणेवर. साधारण २० अंशांना झडप जेमतेम मिटली की झालं. मुंबईत मे महिन्यात ती अर्धवट उघडी दिसते आणि तसंच असायला हवं. ‘पूर्ण मिटत नाही’ म्हणून आवळलेल्या टोप्या बघून वैताग येतो. परत बसवताना स्प्रिंगचा हूक झडपेच्या लिव्हरमध्येच अडकलाय ना, ते झडप बोटाने हलवून खात्री करा. विजेच्या टोपीला इग्निशनवरून पूर्ण १२ व्होल्ट हवेत. बीटलमध्ये कंपनीची वायर कॉईलवरूनच येते, पण बॅलास्ट रेझिस्टरच्या (कॉईलचा दाब कमी करणाऱ्या रोधाच्या) गाडीत तिथे व्होल्टेज कमी मिळतं, टोपी अर्धवट तापते आणि धूर सुरूच राहतो.