मूत्रसंकोच

मूत्रसंकोच : (लाजाळू मूत्राशय, पॅर्युरेसिस). जवळपास कोणी आहे, येईल किंवा ऐकेल एवढ्या जाणिवेनेच लघवी सुरू न होण्याची अवस्था. मूत्रमार्गात अडथळा नसतो. घरी, कडी लावल्यावर धार नीट येते. मुतारीत शेजारी कोणी उभे राहिले की मूत्राशय तुडुंब असूनही थेंब पडत नाही. लघवी ‘करत नाही’ असा हा प्रकार नसून ‘होत नाही’ असा आहे, आणि घरच्यांना नेमके तेच पटवणे कठीण जाते.

पॅर्युरेसिस ही संज्ञा विल्यम्स आणि डेगनहार्ट यांच्या १९५४ मधील लेखापासून रूढ झाली. ग्रीक ‘पॅरा’ (बाजूचे, बिघडलेले) आणि ‘ऊरेसिस’ (मूत्रविसर्जन) यांतून ती घडली आहे. त्यांनी पाहिलेल्या १,४१९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी १४.४ टक्क्यांना हा अनुभव कधीमधी किंवा सतत येत होता. पुढील पाहण्यांतील आकडे २.८ ते १६.४ टक्के असे पसरलेले आहेत; व्याख्या किती सैल धरली यावर ते अवलंबून असल्याने १९५४ चा आकडाही जपूनच वापरावा. मराठीत ‘लघवी तुंबणे’ म्हणतात, पण ते मुतखडा व प्रोस्टेटच्या विकारांनाही लागू पडते. म्हणून येथे मूत्रसंकोच ही घडवलेली संज्ञा योजली आहे.

हा विकार आयुर्वेदातील मूत्राघातात (लघवी अडण्याच्या विकारांत) बसवावा असे काहींना वाटते. चरकसंहितेच्या (सध्याचे रूप सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील) सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, अडवू नयेत असे तेरा वेग (शरीराच्या नैसर्गिक प्रेरणा) दिले असून मूत्रवेग त्यांत पहिला आहे. सुश्रुत मूत्राघाताचे बारा प्रकार मानतो, तर माधवनिदान (रोगनिदानाचा ग्रंथ, साधारण सातवे-आठवे शतक) तेरा. त्यांपैकी ‘मूत्रातीत’ सर्वांत जवळचा : बराच वेळ धरून ठेवलेली लघवी पुढे लवकर सुटत नाही, सुटली तर मंद सुटते. लक्षण जुळते, कारण मात्र उलटे आहे. मूत्रातीतात माणसाने वेग आधी स्वतः धरलेला असतो. मूत्रसंकोचात तो सोडू पाहत असतो आणि शरीर ऐकत नाही. तेव्हा दोन्ही एकच मानण्यापेक्षा शेजारी ठेवणे बरे.

प्रक्रियेबाबतही दोन मते आहेत. भीतीने अनुकंपी तंत्रिकासंस्था (संकटात शरीराला सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे) चेतते, मूत्राशयाचे तोंड आवळले जाते आणि भिंतीचा स्नायू सैलावतो, हे एक. दुसऱ्या मतानुसार दोष बाहेरील झडपेचा आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा. ते इच्छाधीन असूनही सैल सोडता येत नाहीत. व्यवहारात दोन्ही एकाच वेळी घडत असावे. मिडलमिस्ट व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुतारीतील ६० पुरुषांच्या नोंदी होत्या. एकट्या माणसाची धार सरासरी ४.९ सेकंदांत सुरू झाली. लगतच्या भांड्यापाशी दुसरा उभा असता तिला ८.४ सेकंद लागले आणि ती लवकर संपली. म्हणजे थोडा संकोच निरोगी माणसालाही असतोच. (नोंदी घेण्यासाठी शौचकूपात परिदर्शी (पेरिस्कोप) लपवली होती, त्यावर नीतिविषयक टीका झाली, आणि ती योग्यच होती.)

अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीने (२०१३) याला सामाजिक चिंताविकारात ठेवले आहे. उपचाराच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. तथापि, सभेत बेधडक बोलणाऱ्यालाही मूत्रसंकोच असू शकतो, हे विसरू नये.

मुख्य उपचार म्हणजे भीतीला क्रमाक्रमाने सामोरे जाणे. त्याचे मूळ मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या १९५८ मधील ग्रंथातील मांडणीपर्यंत नेता येते. आंतरराष्ट्रीय पॅर्युरेसिस संघटना (स्थापना १९९६) याच तत्त्वावर आठवड्याअखेरीच्या कार्यशाळा घेते. प्रथम गोल बसून प्रत्येकाने आपली हकिकत सांगायची. अनेकांच्या तोंडून ती आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर पडते, आणि अर्धे ओझे तिथेच उतरते. मग सोप्यापासून अवघडापर्यंत जागांची शिडी लिहायची, पाणी पिऊन जोराची लघवी लागू द्यायची आणि सरावाच्या जोडीदाराला घेऊन पहिल्या पायरीवर जायचे. जोडीदार लांब उभा राहतो; धार सुरू झाली की थोडक्यात थांबवायची, काही मिनिटांनी परत यायचे, या वेळी त्याला दोन पावले जवळ बोलवायचे. किती जवळ, हे ज्याचे त्याने ठरवायचे. जबरदस्तीने ढकलल्यास भीती घट्ट होते. नुसती वाट पाहत उभे राहण्यापेक्षा न जमल्यास बाजूला होऊन पुन्हा येणे चांगले.

उदाहरणार्थ, गोव्यात ही शिडी मांडायची तर पहिली पायरी घरचाच संडास, दार बंद, मित्र बाहेर ओसरीवर. मग रिकाम्या वेळचे ओळखीचे हॉटेल, दुपारचे कदंब बसस्थानक, आणि अगदी वर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार किंवा शिरगावच्या लईराई देवीची जत्रा. बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था ही उपचाराची सरकारी जागा. तिच्या आधीच्या रुग्णालयाला कांदोळीच्या आबे फारिया या संमोहनतज्ज्ञांचे नाव होते. संमोहनाची शक्ती चुंबकीय द्रव्यात नसून संमोहित होणाऱ्याच्याच मनात असते, असे सांगणाऱ्याचे नाव या संदर्भात आठवावे, हा योगायोग गमतीचा. १९९६ मध्येच गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून नैराश्यावरील उपचार देता येतात हे दाखवले. त्या धर्तीवर मूत्रसंकोचातला जोडीदारही डॉक्टरच असायला हवा असे नाही.

तारवट्यांचा (बोटीवर नोकरी करणाऱ्यांचा) प्रश्न वेगळा. बोटीवर चढण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत लघवीचा नमुना लागतो. अमेरिकी परिवहन खात्याच्या अमली पदार्थ चाचणीत ४५ मिलिलिटर नमुना हवा. न झाल्यास तीन तासांपर्यंत थांबता येते आणि त्या अवधीत सुमारे १.२ लिटरपर्यंत पाणी पिता येते. तरीही न झाल्यास डॉक्टरी तपासणी होते; सबळ वैद्यकीय कारण न सापडल्यास तो चाचणीस नकार धरला जातो. आधीपासून नोंदलेला मनोविकार कारण म्हणून चालतो, केवळ त्या प्रसंगीची घाबरगुंडी चालत नाही. म्हणून निदानाचा कागद भरतीपूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे.

उपचारापूर्वी प्रोस्टेटचे विकार, मूत्रमार्गाचे आकुंचन आणि मधुमेहजन्य तंत्रिकाविकार नाहीत याची खात्री करावी लागते. सर्दीवरील काही गोळ्यांनीही लघवी अडते. सरावाच्या भरात बेसुमार पाणी पिऊ नये. रक्तातील सोडियम उतरून जिवावर बेतू शकते. मूत्राशय पूर्ण तुंबून कळा येऊ लागल्यास सराव सोडून रुग्णालय गाठावे. तेथे नळी घालून ते रिकामे करतात.