स्विच्ड कपॅसिटर व्होल्टेज रूपांतरक

केवळ कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) आणि स्विच वापरून एका डीसी व्होल्टेजचे दुसऱ्यात रूपांतर करणारे मंडल. त्यात कॉइल वा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. व्यवहारातले नाव ‘चार्ज पंप’. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये केंब्रिजला लिथियमचे अणुकेंद्र फोडले, त्यासाठीचे उच्च व्होल्टेज कपॅसिटर आणि डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा, इथे स्विचचे काम करणारा घटक) यांच्या अशाच साखळीने मिळवले होते. १९७६ मध्ये अभियंता जॉन डिक्सन यांनी ही कल्पना चिपवर आणली.

चाल रहाटगाडग्यासारखी. व्होल्टेज निम्मे करायचे तर कपॅसिटर आधी पुरवठा आणि भार (वीज वापरणारे उपकरण) यांच्यामध्ये एकसर जोडतात, मग भाराला समांतर. हे सेकंदाला हजारो वेळा चालते.

रिकामा कपॅसिटर थेट बॅटरीवर भरला तर बॅटरीने दिलेली निम्मी ऊर्जा उष्णता होऊन जाते, रोध कितीही कमी असो. यावरून अशा मंडलाची कार्यक्षमता ५० टक्क्यांपुढे जात नाही, असे अनेक जण समजतात. ते चूक आहे. इथला कपॅसिटर रिकामा होतच नाही. दर फेरीत त्याचे व्होल्टेज जरासे वरखाली होते, आणि नासाडी त्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्विचची वारंवारता वा कपॅसिटरची धारिता (साठवणक्षमता) वाढवली की फरक घटतो. +५ व्होल्टचे −५ करणाऱ्या आयसीएल७६६० चिपमध्ये स्विच ५ किलोहर्ट्झने चालतात. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की तो २० ओहमच्या रोधासारखा वागतो. स्विचचा रोध वेगळा.

खरी अडचण नियमनाची, म्हणजे व्होल्टेज नेमके हवे तेवढे ठेवण्याची. मंडलाचे गुणोत्तर ठरलेले असते. ३.७ व्होल्टच्या बॅटरीपासून निम्म्याने १.८५ मिळतात; हवे असतील १.८, तर कार्यक्षमता फार तर ९७ टक्के (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणाऱ्या साध्या रेषीय नियामकाची ४९). त्याच गुणोत्तरावर १.२ व्होल्ट काढले तर मात्र ६५. वारंवारता कमीजास्त करून व्होल्टेज हवे तिथे आणता येते, पण १.८५ आणि हव्या व्होल्टेजमधला फरक उष्णतेतच जातो. म्हणून चांगले नियामक गुणोत्तरच बदलतात: इथे एक-तृतीयांश घेतले की पुन्हा ९७.

जलद चार्ज होणाऱ्या अनेक मोबाइलमध्ये २:१ चा चार्ज पंप असतो. तो नियमन करतच नाही. फोन सांगेल तसा अडॅप्टर व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी बदलतो, आणि पंप ते फक्त निम्मे करून बॅटरीला देतो.