बसून काढलेल्या रात्री: कोकणातल्या दम्याची पार्श्वभूमी

माझी आजी मृगापासून दसऱ्यापर्यंत आडवी झोपत नसे. माजघरातल्या खांबाला उशी लावायची, पाठ टेकायची आणि रात्र काढायची. पहाटेच्या सुमारास हाक मारायची, “माका जरा सरळ बसव गो.” घरात कुणी त्याला आजार म्हणत नव्हतं. पावसाची धाप म्हणायचे, आणि पाऊस गेला की धापही जाईल असं धरून चालायचे.

हे वर्णन आजीच्या कितीतरी आधीचं आहे. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या तमकश्वासाच्या, म्हणजे आज ज्याला आपण दमा म्हणतो त्याच्या, रोग्याला आडवं पडलं की त्रास वाढतो, बसलं की बरं वाटतं, ऊन ऊन हवंसं वाटतं. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो बळावतो. माजघरातला तो खांब आठवला की वाटतं, वैद्यांनी निरीक्षण अचूक केलं होतं, फक्त श्वासनळीच्या आत काय चाललंय ते बघण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. आत नळीच्या अस्तराला सूज असते. कारण मिळालं की भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो, आणि आत घेतलेला श्वास बाहेर सोडणं जड जातं.

कोकणात ही कारणं घरातच असतात. पावसाळ्यात हवेतला दमटपणा महिनोन्‌महिने उतरत नाही. वाकळा, गोधड्या, कापसाच्या गाद्या यांना ऊन लागत नाही, आणि धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे अशाच ओलीत वाढतात. त्यांची विष्ठा हे दम्याचं एक मोठं कारण. भिंतीवर बुरशी येते ती वेगळीच. नवरात्राआधी सगळी अंथरुणं धुऊन उन्हात घालायची रीत यावर औषधासारखीच आहे, पण तोवर पाऊस ओसरलेला असतो. त्यात चूल. मे महिन्यात भरून ठेवलेलं जळण श्रावणापर्यंत ओलसर होतं आणि नारळाची सोडणं, झावळ्या पेटण्याऐवजी धुमसत राहतात. पावसाआधी तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जागेवर पाला, गवत, शेण पेटवून होणारी भाजावळ हा आणखी एक धूर. उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि सिलिंडर घरात पोचला, तरी आंघोळीचं पाणी बऱ्याच घरांत अजून लाकडांवरच तापतं.

धाप लागणाऱ्या प्रत्येकाला दमा असतो असं मात्र नाही. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा आजार, असू शकतो, आणि त्याची वाट वेगळी असते. गिरणगावातून परतलेल्या चाकरमान्यांचंही तसंच. कापूस पिंजणाऱ्या खात्यांतल्या धुळीने बिसिनोसिस होतो. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर आलं की सोमवारी छाती आवळल्यासारखी वाटते, मग ते रोजचंच होतं. कारखाने कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत तो होता. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकापासून मुंबईची हवा आणि तिथल्या लोकांची फुप्फुसं यांचा अभ्यास केला. पण १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी आलेल्या माणसाच्या खोकल्याला गावात ‘दमा’ हा एकच शब्द होता. इतक्या आजारांना एकच नाव असलं की मोजणी तिथेच चुकते.

औषधांच्या इतिहासात आपल्याकडची झाडंही आहेत. धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत १८०२ साली मद्रासहून ब्रिटनला गेली. धोतरा विषारी आहे, हा प्रयोग घरी कुणी करू नये. पण त्यातल्या अॅट्रोपिनच्याच कुळातली औषधं आज सुरक्षित रूपात श्वासातून देतात. कुंपणावरच्या अडुळशातल्या रसायनावरून खोकल्याचं ब्रोमहेक्सिन तयार झालं. १९५६ साली मोजून फवारा देणारा इन्हेलर आला, १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल, आणि १९७२ मध्ये श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, बेक्लोमेटासोन. माझ्या मते या सगळ्यात १९७२ सालच मोठं. साल्ब्युटामॉल आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतं, सूज उतरवतं ते स्टेरॉइड.

नेमकं तेच माणसांपर्यंत पोचलं नाही. “एकदा पंप लागला की सुटत नाही” हे वाक्य मी घरोघरी ऐकलंय. प्रत्यक्षात साल्ब्युटामॉलच्या गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा, तोही थेट जिथे हवा तिथे. आजी गोळ्या घ्यायची. फारच झालं की इंजेक्शन, दोन दिवस बरं, मग पुन्हा खांब.

याची किंमत आकड्यांत दिसते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, १२ केंद्रांवरच्या पाहणीत प्रौढांमध्ये दम्याचं प्रमाण २.०५ टक्के निघालं. आपल्या राज्यातून त्यात मुंबई आणि नागपूर होतं, मुंबईखालचा हा सगळा किनारा नव्हता. २०१६ साली देशात दम्याचे सुमारे ३ कोटी ७९ लाख रुग्ण होते असा अंदाज आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक इथे. रुग्णांच्या तिप्पट वाटा मृत्यूंत का, याचं उत्तर २०२२ च्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या अभ्यासात मिळतं: छातीत घरघर असलेल्या ८२ टक्के लोकांना दमा असल्याचं निदानच झालं नव्हतं, आणि घरघर असलेल्या एकूण लोकांत रोज श्वासातून स्टेरॉइड घेणारे २.५ टक्क्यांहूनही कमी होते.

सरकारी कार्यक्रमांत दम्याला जागा मिळायलाही वेळ लागला. २०१० साली सुरू झालेला असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघाताचा होता. २०२३ मध्ये त्याचं नाव बदललं, तेव्हा दमा त्यात आला. त्याआधी, २०१९ साली, दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात मोठा बदल झाला होता: नुसता साल्ब्युटामॉलचा पंप पुरेसा नाही, सौम्य दम्यातही सोबत स्टेरॉइड हवं.

घाटाखालच्या गावाला त्याचा अर्थ सरळ आहे. वहाळाला पाणी चढून रस्ता बंद होण्याआधी, मे महिन्यातच, स्टेरॉइडचा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवेत. आणि फवारा उडाल्यावर श्वास हळू आत ओढून दहा आकडे होईपर्यंत धरायचा, मग चूळ भरायची, हे शेजारी बसून शिकवणारं माणूस हवं. आजीला ते कुणी शिकवलं नाही.