ब्राइटनेस वाढवला, उजेड नाही: ब्राइटनेस आणि एक्स्पोजर यांत गल्लत का होते

कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात माझ्या मामांचं गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात त्यांच्या डोक्यात आलं, की प्रत्येक आधणाचा, म्हणजे कढईच्या प्रत्येक खेपेचा, गूळ कोणत्या रंगाचा निघाला याची फोटोसकट नोंद ठेवायची. शाहू मार्केट यार्डात सौद्याला रंगावर दर हलतो, त्यामुळे हट्ट काही चुकीचा नव्हता. साच्यातून काढलेला रवा, म्हणजे गुळाची ढेप, ज्या टेबलावर ठेवतात त्याच्या वर मी एक साधा वेबकॅम टांगला. त्याला छोटा लिनक्स संगणक जोडला आणि पायथनमध्ये ओपनसीव्ही ही कॅमेरा आणि चित्रं हाताळणारी लायब्ररी वापरून पंचवीस-तीस ओळींचा कोड लिहिला.

संध्याकाळचे फोटो अंधारे आले. मी कोडमध्ये ब्राइटनेस वाढवला आणि निवांत झालो. दुसऱ्या दिवशी मामांनी फोटो बघितले. "गूळ लई झ्याक दिसतोय रं. पर ह्यो आपला न्हवं."

बरोबर होतं त्यांचं. फोटो उजळ दिसत होता, पण त्यावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर आला होता. मला वाढवायचा होता एक्स्पोजर आणि मी वाढवला होता ब्राइटनेस.

ही गल्लत होते याचं अर्धं कारण कोडच आहे. ओपनसीव्हीत दोन्ही गोष्टी एकाच 'सेट' फंक्शनने बदलतात, फक्त क्रमांक वेगळा: ब्राइटनेसचा १०, एक्स्पोजरचा १५. दोन्ही ओळी दिसायला जुळ्या भावांसारख्या, आणि आकडा वाढवला की दोन्हींनी चित्र उजळतं. कॅमेऱ्याच्या आत मात्र दोघांची कामं निराळी आहेत. एक्स्पोजर म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी सेन्सर किती वेळ प्रकाश गोळा करतो ते. ब्राइटनेस म्हणजे प्रकाश गोळा होऊन त्याचे आकडे झाले, की त्या आकड्यांत सरसकट घातलेली भर.

मामांना मी बाजाराच्या भाषेत सांगितलं. काट्यावर ३० किलोचा रवा आहे आणि पावतीवर ४० लिहिलं, तर ते ब्राइटनेस. काट्यावर खरोखर आणखी गूळ ठेवला, तर ते एक्स्पोजर. मामा म्हणाले, "म्हंजे तू पावती फिरवलीस."

आकड्यांतच बघा. नेहमीच्या चित्रात प्रत्येक पिक्सेल ० ते २५५ मध्ये असतो. ब्राइटनेसने ४० मिळवले, की शून्याचे ४० होतात आणि काळा राखाडी बनतो. पांढुरका थर तो हाच. वरच्या टोकाला २३० आणि २५० हे दोन वेगळे ठिपके २५५ ला जाऊन आदळतात आणि एकच होतात. गुळावरची चकाकी आणि तिच्या शेजारचा फिका पट्टा यांतला फरक गेला तो गेलाच, नंतर ४० वजा केले तरी परत येत नाही. एक्स्पोजर दुप्पट केला तर प्रकाश दुप्पट जमतो. काळं जवळपास काळंच राहतं, मधलं वर उचललं जातं आणि अंधाऱ्या भागात खरी माहिती येते. तोही मर्यादेबाहेर नेला तर वरचं टोक फाटतंच, पण खालचं टोक तो बिघडवत नाही.

हे दोन वेगळे विभाग आहेत हे यूएसबी कॅमेऱ्यांच्या मानकातच लिहून ठेवलंय. यूव्हीसी नावाच्या या मानकात एक्स्पोजरची वेळ 'कॅमेरा टर्मिनल'कडे आहे आणि ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन 'प्रोसेसिंग युनिट'कडे. विंडोज ज्यातून कॅमेरा हाताळतं त्या डायरेक्टशोमध्येही तशीच वाटणी आहे: एक्स्पोजर, फोकस, झूम एका इंटरफेसमध्ये, ब्राइटनेसची मंडळी दुसऱ्यात. ओपनसीव्हीने सगळ्यांना एका रांगेत बसवलं आणि ही भिंत आपल्या नजरेआड गेली. गेन हा तिसरा भिडूही त्याच रांगेत आहे, क्रमांक १४. तो जमलेला सिग्नल मोठा करतो, पण दाणेदार खरखरही सोबत मोठी होते. सांगायला एवढंच पुरे.

आता खरी गोम. एक्स्पोजर बदलायला गेलो तर कॅमेरा ऐकेना. कारण ऑटो एक्स्पोजर चालू होता. तो चालू असेपर्यंत तुम्ही दिलेली वेळ कॅमेरा घेत नाही, किंवा घेऊन लगेच बदलतो. लिनक्सवर बहुतेक वेबकॅमना आधी ऑटो एक्स्पोजरच्या २१ क्रमांकाला १ द्यावा लागतो, म्हणजे 'मॅन्युअल'. ३ दिलं की पुन्हा ऑटो. या क्रमात चूक झाली की माणूस वैतागून ब्राइटनेसकडे वळतो. मी तसाच वळलो होतो.

आमच्या कामात ऑटोने आणखी एक खोड काढून ठेवली होती. ऑटो एक्स्पोजर काय करतो, तर चित्राची सरासरी मध्यम राखाडीच्या आसपास आणू बघतो. रव्याने अर्धी फ्रेम भरली असेल आणि गूळ काळपट असेल, तर तो प्रकाश वाढवतो. गूळ पिवळाधमक असेल, तर कमी करतो. म्हणजे जो फरक मोजायला कॅमेरा टांगला, तोच फरक कॅमेरा इमानेइतबारे पुसत होता! लग्नाच्या व्हिडिओत हा गुण आहे, मोजमापात दोष.

मॅन्युअल केल्यावर आकडा कोणता द्यायचा, हाही घोळ आहे. लिनक्सवर एकक १०० मायक्रोसेकंद असतं, म्हणून १०० म्हणजे १० मिलिसेकंद. विंडोजवर डायरेक्टशो घातांक मागतो: उणे ५ म्हणजे सेकंदाचा ३२ वा भाग, उणे ७ म्हणजे १२८ वा. लिनक्सवरचा कोड उचलून तसाच विंडोजवर चालवला, तर २०० चा तिथे काही अर्थच लागत नाही.

शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत नसेल तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. १००, २००, ३०० हे आकडे त्यासाठी सोयीचे. ३३३ च्या वर गेलात तर सेकंदाला ३० फ्रेम मिळणं शक्यच नाही, कारण एका फ्रेमला तेवढा वेळच नसतो. विंडोजवरच्या पायऱ्या दुपटीच्या असल्याने १० च्या पटीत नेमकं बसता येत नाही, हे मला अजून खटकतं.

एक्स्पोजरची किंमतही मोजावी लागते. रवा टेबलावर गप्प बसतो म्हणून आमचं निभावलं. शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाने सरकणाऱ्या पट्ट्यावरची कास्टिंगं बघायची असतील, तर ३० मिलिसेकंदांत वस्तू ६ मिलिमीटर पुढे जाते. कड पुसट होणारच. तिथे एक्स्पोजर ५ मिलिसेकंदांपर्यंत आणायचा आणि वर दिवे वाढवायचे. ब्राइटनेसने ती अडचण सुटत नाही.

मग ब्राइटनेस हवाच कशाला? बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. व्हिडिओ कॉलवर चेहरा जरा उजळ दिसावा, एवढ्यासाठी ठीक आहे. मोजमापाच्या कोडमध्ये मी तो मूळ आकड्यावर सोडतो, आणि उजळवायचंच असेल तर मूळ फ्रेम जपून तिच्या प्रतीवर उजळवतो.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथून जाताना मला नेहमी वाटतं, मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या पिढीची ही गल्लत झालीच नसती. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. दांडा भराभर फिरवला की प्रत्येक फ्रेमला प्रकाश कमी, सावकाश फिरवला की जास्त. फिरवायला ब्राइटनेसचं बटणच नव्हतं.

एक सावधगिरी. 'सेट'ने 'हो' म्हटलं म्हणून आकडा लागला असं नाही. 'गेट'ने परत विचारा, आणि त्यावरही विसंबू नका. पहिल्या दहाएक फ्रेम टाकून द्या, कारण बफरमध्ये, म्हणजे फ्रेम तात्पुरत्या साठतात तिथे, जुन्या सेटिंगच्या फ्रेम उरलेल्या असतात. मग चित्राची सरासरी काढा. एक्स्पोजर १०० वरून २०० केल्यावर सरासरी हललीच नसेल, तर ऑटो अजून चालू आहे असं समजा.

आमचं सेटिंग शेवटी असं ठरलं: ऑटो एक्स्पोजर बंद, वेळ २००, ब्राइटनेस मूळचा, रंग आपोआप जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्सही बंद, वर एकच दिवा कायम चालू, आणि रव्याशेजारी पांढऱ्या टाइलचा तुकडा. टाइलचा आकडा रोज तोच आला तर गुळाच्या आकड्यावर विश्वास. आठवड्याने फोटो ओळीने लावून मामांना दाखवले. त्यांनी चौथ्यावर बोट ठेवलं. "ह्यो काळपट... मळी नीट निघाली नव्हती त्या आधणाचा न्हवं?"

वहीत बघितलं. त्याच आधणाचा होता.