प्लेबियन म्हणजे गरीब नव्हे

प्राचीन रोमबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: पॅट्रिशियन म्हणजे श्रीमंत सत्ताधारी आणि प्लेबियन म्हणजे गरीब जनता. हे चूक आहे.

हा भेद जन्माचा होता, पैशाचा नव्हे. ठरावीक जुन्या कुळांत जन्मले ते पॅट्रिशियन. बाकी सगळे नागरिक प्लेबियन, मग तो चांभार असो की मोठा जमीनदार. गडगंज श्रीमंत म्हणून गाजलेला क्रासस प्लेबियन होता. सेनापती पॉम्पी आणि वक्ता सिसेरोसुद्धा. उलट पुढे रोमचा हुकूमशहा झालेला सुल्ला अस्सल पॅट्रिशियन, पण तरुणपणी भाड्याच्या खोलीत राहिलेला.

सुरुवातीला मोठी पदे पॅट्रिशियनांच्याच मुठीत होती, हे खरे. पण इ.स.पू. 367 च्या कायद्याने कॉन्सलपद (दर वर्षी दोघांना मिळणारे सर्वोच्च पद) प्लेबियनांना खुले झाले आणि इ.स.पू. 172 मध्ये तर दोन्ही कॉन्सल प्लेबियन होते. ट्रिब्यूनपद, म्हणजे प्लेबियनांच्या हक्कांचे रक्षण करणारे पद, फक्त प्लेबियनांसाठीच राखीव. त्या पदासाठी क्लोडियस नावाचा पॅट्रिशियन इ.स.पू. 59 मध्ये चक्क प्लेबियन घरात दत्तक गेला. दत्तक बाप वयाने त्याच्याहून लहान!

मग गरिबांच्या हाती सत्ता आली का? छे! कॉन्सल निवडणाऱ्या सभेत मालमत्तेनुसार पाडलेले 193 गट असत आणि मत माणसाचे नव्हे, गटाचे मोजले जाई. मालमत्ता नसलेल्या सगळ्यांचा मिळून एकच गट, तोही सर्वांत शेवटी. त्याआधीच वरच्या वर्गांनी बहुमत गाठले की मतदान तिथेच थांबे.